ज्युलियस सरांचं ब्रीद आणि चहाचं झाड

फाटकाला दोन खांब असतात, ही गोष्ट ज्युलियस सरांच्या लक्षात आधीच यायला हवी होती. एका खांबाचं फाटक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलेलं नाही. पण राजोडीच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं जुनं कुंपण काढून त्यांनी पक्की भिंत घातली, दोन्ही खांबांवर काळा ग्रॅनाईट बसवून घेतला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याकडे मजकूर एकाच खांबापुरता आहे. उजव्या खांबावर ‘ज्युलियस आणि क्लेमेंटीन’ असं झोकात कोरून झालं. दगड कोरणारा सॅमी कानामागची पेन्सिल काढून डाव्या खांबापाशी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, इथे काय?”

“इथे कशाला काय पाहिजे?”

“कोरा ठेवला तर घर अर्धवट वाटतं. समोर बघा ना.”

समोर ऑस्करचं घर. ऑस्कर हा सरांचा बालमित्र, शाळेत एकाच बाकावर बसलेला. त्याच्या डाव्या खांबावर सोनेरी अक्षरांत कोरलं होतं, ‘घाम हीच माझी दौलत’. केळीची वाडी रिसॉर्टवाल्याला विकल्यापासून ऑस्करला घाम फक्त जेवताना येत असे. पण दगडात कोरलेल्या अक्षरांशी वाद कोण घालणार? येणारेजाणारे ते वाचत, मान डोलवत, आणि ऑस्कर झोपाळ्यावरूनच त्यांना हात करी.

सरांची खरी पंचाईत वेगळीच होती. या विषयात अख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्याइतका अनुभवी माणूस नव्हता. अक्षर वळणदार म्हणून शाळेत रुजू झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत व्हरांड्यातल्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम त्यांच्याकडेच होतं. सुट्ट्या सोडल्या तर एकही सकाळ त्यांनी गावाला विचाराविना ठेवली नव्हती. खाली थोर माणसाचं नाव लिहीत. नाव आठवलं नाही तर ‘एक विचारवंत’ असं लिहून मोकळे होत. या एका विचारवंतावर मुलांचा फार जीव होता. इतकी वर्षं दुसऱ्यांचे विचार लिहून लिहून आपला स्वतःचा असा एकही शिल्लक नाही, हे सॅमीच्या पेन्सिलीसमोर उभं असताना सरांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “सॅमी, तू दोन आठवड्यांनी ये.”

दोन आठवड्यांचे दोन महिने झाले. कोरा ग्रॅनाईट इतका चकचकीत होता की त्यात तोंड दिसे. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेला जाणाऱ्या बायका तिथे थांबून केस नीट करू लागल्या. शनिवार-रविवारी समुद्रावर येणारी पोरं त्यात बघून फोटो काढू लागली. एकाने तर दाढीही करून घेतली. सर खिडकीतून हे पाहत आणि आतल्या आत झुरत. सगळ्या गावाने आपलं तोंड बघावं आणि आपल्याला मात्र तोंड लपवावं लागावं, असं त्यांना होऊन गेलं.

सल्ले द्यायला लोक होतेच. पलीकडच्या घरातला वॉल्टर निवृत्तीनंतर मोबाइलवरून जगाला शहाणं करण्याच्या कामाला लागला होता. तो म्हणाला, “ओझं कमी, वाट सोपी. लिही. मी पाळतो, मला गुण आलाय.” ऑस्करची बायको रेजिना मुलांना धर्मशिक्षण देई. ती म्हणाली, “खरं तेच बोलावं. एवढं एक धरलं तरी पुष्कळ.” ऑस्कर झोपाळ्यावरून म्हणाला, “अरे ज्युलियस, माझंच लिही. मी काय तुला नाय म्हणणार आहे?” हे सरांना सगळ्यांत जास्त लागलं.

शेवटी वॉल्टरनेच एक तोड सांगितली. “असं घरात बसून ब्रीद सापडत नाय. थोर लोक आधी प्रवासाला निघाले, मग त्यांना सापडलं. तू कुठे गेलायस? नालासोपाऱ्याच्या पुढे?”

हे अगदीच खरं नव्हतं. सर शाळेच्या सहलीबरोबर दोनदा शिर्डीच्या अलीकडपर्यंत गेले होते. पण क्लेमेंटीन मात्र खरोखरच कुठे गेली नव्हती.

आता क्लेमेंटीनबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या खटाटोपात तिच्याबद्दल विचार करायचं सरांच्या डोक्यात जरा उशिराच आलं. ती आगाशीकडच्या वाडीवाल्यांची मुलगी. तिला झाडांतलं कळे. सुकी काडी मातीत खोचली तरी तिच्या हाताने ती धरे. जे जे आपल्या तोंडात जातं त्याचं झाड तिला ठाऊक होतं, ते कधी लावायचं, कशाने मरतं, हेही. फक्त एकाचं ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून तिने चहा केला होता : सरांच्या शिकवणीच्या मुलांना, त्या मुलांच्या आईबापांना, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना, वाट चुकून दारात उभ्या राहिलेल्या पर्यटकांना. एकदा सरांनी विचारलं होतं, तुला काही पाहायचं आहे का? तेव्हा ती म्हणाली होती, “जन्मभर ज्याला उकळलं, त्याचं झाड तरी कसं असतं ते एकदा बघायचंय. पानाला हात लावून.” सरांनी तेव्हा शब्द दिला होता. मग शाळा, परीक्षा, मुलीचं लग्न, गुडघे, असं करत तो शब्द मागे मागे पडत गेला.

यंदा लग्नाला चाळीस वर्षं होत होती. आणि सरांचा जुना विद्यार्थी मेलरॉय तामिळनाडूतल्या वेलांकनी मातेच्या तीर्थाची सहल काढत होता. ऑस्कर, रेजिना आणि वॉल्टर यांनी आधीच नावं दिली होती. वसईहून गाडीने केरळ, तिथून बसने वर मुन्नारला एक मुक्काम, चहाचे मळे, मग खाली उतरून वेलांकनी. सहलीबरोबर येणारे फादर तिथे ज्युलियस सर आणि क्लेमेंटीनबाय यांच्या नावाने कृतज्ञतेची मिस्सा करणार होते, तारीख ठरलेली. सरांना एकदम हलकं वाटलं. बायकोला दिलेला शब्दही पाळला जाईल आणि वाटेत ब्रीदही मिळेल. एका तिकिटात दोन्ही कामं.

क्लेमेंटीनने लगोलग तयारी सुरू केली. एक नवी साडी घेतली, मोरपंखी. विरारच्या बाजारातून एक स्वेटर आणला, कारण वर थंडी असते असं तिने टीव्हीवर पाहिलं होतं. तो स्वेटर घालून ती घरभर फिरून आली, भर उकाड्यात.

निघायच्या आदल्या दिवशी सरांच्या मनात आलं की ब्रीद नुसतं निवडून भागत नाही, ते वागून बघितलं पाहिजे. चप्पल घालून चार पावलं चालल्याशिवाय आपण घेतो का? पहिला मान वॉल्टरला दिला. ओझं कमी, वाट सोपी. सरांनी बॅगा उघडल्या आणि जे जे जड वाटलं ते बाहेर काढलं. लोणच्याची बरणी गेली, जास्तीची चादर गेली, आणि स्वेटरही गेला. क्लेमेंटीनने विचारलं, “स्वेटर का काढला?”

“दोन दिवसांसाठी एवढं ओझं कशाला? माझं जाकीट आहे ना. लागलं तर घाल.”

तिने स्वेटर घडी करून कपाटात ठेवला. पुढे तो लागलाच नाही, असं सर नंतर स्वतःला बजावत. पण का लागला नाही, इथवर विचार आला की ते उठून कंपाउंडात फेऱ्या मारत.

गाडीत बसल्यावर रेजिनाच्या ब्रीदाची पाळी आली. खरं तेच बोलावं. हे सरांना सोपं वाटलं होतं. शिक्षकाला खोटं बोलायची सवय नसते, अशी त्यांची समजूत होती. संध्याकाळी सगळ्या डब्याने मिळून रोजरी म्हटली, मग भक्तिगीतं झाली. ऑस्कर खिडकीशी बसून, डोळे मिटून, इतरांच्या पुढे दोन ओळी धावत गात होता. गाणं संपवून त्याने डोळे उघडले आणि विचारलं, “काय ज्युलियस? कसं झालं?”

सर म्हणाले, “तू गायला लागलास की देव कानांवर हात ठेवत असणार.”

डबा खदखदून हसला. ऑस्कर हसला नाही. त्याने चष्मा लावला, खिडकीबाहेर पाहायला लागला आणि पुढचा सगळा महाराष्ट्र त्याने एक शब्द न बोलता पार केला. रेजिना उठून सरांपाशी आली. “शोभलं का हे तुम्हाला?”

“तुम्हीच म्हणालात ना, खरं बोलावं?”

“अहो, ते लोकांबद्दल! आपल्या माणसांबद्दल असं बोलतात?” असं म्हणून तीही बोलायची बंद झाली.

एवढ्यावर थांबते तर ते ज्युलियस सर कसले? सकाळी क्लेमेंटीन मोरपंखी साडी नेसून डब्याच्या दारातून आली. चालत्या गाडीत साडी नेसणं किती कठीण असतं ते बायकांनाच ठाऊक. ती उभी राहिली आणि म्हणाली, “कशी दिसते?”

सरांनी नीट निरखून पाहिलं. खरं काय ते शोधलं. म्हणाले, “तुझ्या आईची आठवण आली. शेवटच्या दिवसांतली.”

क्लेमेंटीन मागे फिरली आणि साडी बदलून आली. सरांना त्याच क्षणी कळलं की आपण काहीतरी मोडलंय. पण ‘चुकलं’ म्हणायचं तर आधी बोललेलं खोटं ठरणार होतं, आणि आज तर खरं बोलायचा दिवस होता. नियमाने वागणाऱ्या माणसाची अशी कुचंबणा होते, ती बाकीच्यांना काय कळणार!

गाडी कोकण मागे टाकून खाली उतरत गेली, आणि सर जागेवर बसून विचार करत राहिले. ओझं कमी नव्हे, खरं बोलणं नव्हे. दुसऱ्यांची वाक्यं दुसऱ्यांच्या मापाची. आपल्याला आपलं हवं. आणि असं बसल्याबसल्या त्यांना ते सुचलं. कुठल्या थोर माणसाचं नाही, एका विचारवंताचंही नाही. स्वतःचं.

‘कुणालाही नाही म्हणू नये.’

सरांनी ते मनात उलटसुलट म्हणून पाहिलं. दगडावर किती ओळींत बसेल तेही पाहिलं. मोजकं, प्रेमळ, आणि ऑस्करच्या घामापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाचं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी क्लेमेंटीनला हलवून सांगितलं. ती म्हणाली, “चांगलं आहे,” आणि खिडकीबाहेर पाहून विचारलं, “डोंगर दिसायला कधी लागतील?”

दुसऱ्या दिवशी सकाळी केरळातल्या एका मोठ्या स्टेशनावर सगळे उतरले. बाहेर मुन्नारची बस उभी होती. मेलरॉय माणसं मोजत, बॅगा मोजत, ओरडत होता. सर प्लॅटफॉर्मवरच्या नळावर तोंड धुऊन मागे वळले, तर समोर लुंगीतला एक माणूस. हातात वेताची मोठी टोपली, वर ओलं फडकं बांधलेलं. त्याने सरांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं आणि टोपली त्यांच्यापुढे धरली. “सार. फाय मिनिट. प्लीज सार.”

बघा, ब्रीद ठरल्यावर देव परीक्षा घ्यायला किती वेळ लावतो! सरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी दोन्ही हातांनी टोपली घेतली. माणूस गर्दीत शिरला आणि दिसेनासा झाला.

पाच मिनिटं झाली. मग आणखी झाली. टोपलीतून बारीक आवाज यायला लागला. सरांनी फडकं उचललं. आत बदकाची पिल्लं होती, पिवळीधमक, टोपलीभर. सगळ्यांनी माना वर करून सरांकडे पाहिलं.

बसचा हॉर्न वाजू लागला. मेलरॉय धावत आला. “सर, चला! घाट आहे, दुपारच्या आत चढायला पाहिजे.”

“माणूस आला की निघतो.”

“कोण माणूस?”

“ज्याची ही बदकं आहेत तो.”

मेलरॉय सरांच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे त्याने मनातलं मनातच ठेवलं. टोपली बाकावर ठेवून चला म्हणाला. क्लेमेंटीनही म्हणाली, “ठेवा तिथं. येईल तो, घेईल.” सर म्हणाले, “मी त्याला हो म्हटलंय.” मेलरॉयने बसमध्ये जाऊन विचारलं, तासभर थांबायचं का? सगळे एकमेकांकडे बघू लागले. अशा वेळी एकाने जरी ‘थांबू या की’ म्हटलं असतं तरी काम झालं असतं, आणि ते म्हणायची सवय ऑस्करला होती. पण ऑस्कर चष्मा लावून खिडकीबाहेर बघत होता. तो म्हणाला, “वेळ म्हणजे वेळ. आम्ही गायलो तर देवालाही त्रास होतो, उशिरा गेलो तर आणखी कुणाला होईल.”

मग मेलरॉय क्लेमेंटीनला म्हणाला, “आंटी, तुम्ही तरी चला. सर मागून टॅक्सीने येतील.”

क्लेमेंटीनचा एक पाय बसच्या पायरीवर होता. तिने मागे वळून पाहिलं. सर बाहेरच्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना फक्त ‘तू जा’ एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. त्याने कुठलंच ब्रीद मोडत नव्हतं, बदकांचंही काही बिघडत नव्हतं. पण परक्या गावात टोपली घेऊन एकटं बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शिवाय आपण तत्त्वासाठी थांबलो आहोत हे बघायला कुणीतरी हवं, असंही कुठेतरी वाटत होतं. ते टोपलीवरचं फडकं नीट करत राहिले. क्लेमेंटीनने पायरीवरचा पाय खाली घेतला.

बस गेली.

उरलेला दिवस कसा गेला ते सांगायला सर कधीच तयार नसतात, म्हणून आपणच सांगू. ते आधी पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने विचारलं, वस्तू सापडली का? सर म्हणाले, नाही, दिली. दिली म्हणजे मालक माहीत आहे; मग बेवारस नाही. बेवारस नाही तर चौकीत ठेवता येणार नाही. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर गेले, तर तिथला माणूस म्हणाला, सामान ओरडत नाही. हे ओरडतंय. पार्सलवाल्याने विचारलं, कुठे पाठवायची? सर म्हणाले, कुठेच नाही. त्याने हात जोडले. शेवटी एका पोलीस अधिकाऱ्याने सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली, उठून सरांशी हात मिळवला आणि म्हणाला, “सार, आजकाल ऐसा आदमी नहीं मिलता.” सर फुलून आले. एवढ्या शब्दांसाठी त्यांनी आणखी एक टोपलीसुद्धा सांभाळली असती. अधिकाऱ्याने टोपली मात्र ठेवून घेतली नाही.

या सगळ्या वेळात क्लेमेंटीन बाकावर बसून होती. तिने इडली कुस्करून पिल्लांना घातली. ऊन सरकलं तसा पदर धरला. दुपारी चहावाला आला तेव्हा तिने एक कप घेतला, एक घोट घेऊन बराच वेळ तोंडात धरला आणि त्याला खुणांनी विचारलं, याचं झाड बघितलंय का? त्याने वर डोंगराच्या बाजूला हात केला, मग हसून मान हलवली. त्यानेही बघितलं नव्हतं. समोर, छपरांच्या पलीकडे, फार लांब, निळसर काहीतरी उंच दिसत होतं. ती संध्याकाळपर्यंत तिकडेच बघत बसली होती.

दिवेलागणीला लुंगीवाला आला. एका नातेवाइकाला गाडीत बसवायला आत चढला होता, गाडी सुटली आणि तो पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंत गेला. सरांना वाटलं, आता हा पाया पडेल. त्याने फडकं काढून पिल्लं मोजली. पुन्हा मोजली. मग सरांकडे संशयाने बघून म्हणाला, “वन मिसिंग, सार.”

चार माणसं जमली. सरांचे कान लाल झाले. त्यांनी खिसे उलटे करून दाखवले. बदक खिशात ठेवणारा निवृत्त शिक्षक म्हणून लोक त्यांच्याकडे बघू लागले. तेवढ्यात क्लेमेंटीनने आपल्या पदराखालून एक झोपलेलं पिल्लू काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याला थंडी वाजत होती म्हणून घेतलं होतं, असं ती मराठीत म्हणाली. माणूस टोपली घेऊन गेला. आभाराचा एक शब्द नाही.

सरांनी मेलरॉयला फोन लावला. तो म्हणाला, “सर, आम्ही पहाटे खाली उतरतोय. रात्री घाट चढायला टॅक्सी मिळणार नाही, आणि सकाळी तुम्ही वर याल तोवर आम्ही नसू. आणि परवा तुमचीच मिस्सा आहे. तुम्ही सरळ वेलांकनीला जा.” सरांनी फोन ठेवला. क्लेमेंटीनने विचारलं, “काय म्हणाला?” सरांनी सांगितलं. ती म्हणाली, “बरं,” आणि बॅग उचलली.

वेलांकनीला दोघं सगळ्यांच्या आधी पोचले. मिस्साला क्लेमेंटीन जुनीच साडी नेसली. मोरपंखी बाहेर निघालीच नाही. फादरांनी दोघांना पुढे बोलावलं, आशीर्वाद दिला आणि म्हणाले, “सर, चाळीस वर्षांच्या संसाराचं सार सांगा.” सरांपुढे माईक आला. याच क्षणासाठी तर ते घराबाहेर पडले होते. ते म्हणाले, “कुणालाही नाही म्हणू नये.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. वॉल्टरने त्याचा व्हिडिओ काढला. टाळ्या वाजत असताना सरांनी शेजारी बघितलं. क्लेमेंटीनही टाळ्या वाजवत होती. ते बघून त्यांनी घाईने माईक फादरांच्या हातात दिला.

बाहेर रेजिना तिच्यापाशी आली. सरांशी अबोला होताच, पण तिच्याशी नव्हता. तिने ओल्या रुमालात गुंडाळलेली एक डहाळी काढली. “बाय, तोडायला मनाई होती. ऑस्करने उभं राहून आडोसा केला, मग घेतली. तुझ्यासाठी.” थोडं थांबून ती हळूच म्हणाली, “रात्रभर तोच झोपला नाय. थांबायला पाहिजे होतं म्हणत होता.”

क्लेमेंटीनने रुमाल उघडला. पानं काळवंडली होती. तिने एक पान बोटांत धरून काठ चाचपला, वास घेतला, चावून बघितलं. सगळे तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, “एवढंच असतं होय?”

घरी आल्यावर सरांना वाटलं, ती डहाळी लावेल. तिच्या हाताने काय धरलं नव्हतं आजवर? वॉल्टरने खत सुचवलं, ऑस्कर स्वतः रस्ता ओलांडून कुंडी घेऊन आला आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. अबोला तिथेच संपला. पण क्लेमेंटीनने डहाळी पेल्यात ठेवली, आणि ती वाळली तेव्हा केरात टाकली. कुंडी रिकामीच राहिली.

मग एका सकाळी सॅमी आला. व्हिडिओ त्याच्यापर्यंतही पोचला होता. “सर, वाक्य ऐकलं. एक नंबर. आज कोरून टाकू?” त्याने पेन्सिल काढली, दगडावर पट्टी धरली. सर पायरीवर उभे होते. क्लेमेंटीन सगळ्यांना चहा घेऊन आली, सॅमीच्या हातात कप दिला आणि कोऱ्या खांबाकडे बघत म्हणाली, “कोरून टाका की. चांगलं वाक्य आहे. मी चाळीस वर्षं तेच केलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं तिने सांगितलं. सॅमी पेन्सिल धरून तसाच थांबला. सरांना बसची पायरी आठवली, आणि तिच्यावरचा पाय. साडी आठवली. भर उकाड्यात स्वेटर घालून फिरणारी ती आठवली. वाक्य त्यांचं होतं, पण त्यांनी ते एका दिवसापुरतं, एका अनोळखी माणसासाठी पाळलं होतं. आणि जी जन्मभर पाळत आली, तिच्यावर टाळ्या वाजवायची वेळ आली होती.

“सॅमी,” सर म्हणाले, “राहू दे. कोराच बरा आहे. बायका केस नीट करतात त्यात.”

सॅमी गेला. सर बराच वेळ खांबापाशी घोटाळले, मग आत आले. क्लेमेंटीन ओट्यापाशी कप विसळत होती. सरांना खूप काही बोलायचं होतं, पण आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द लिहिणाऱ्याला ऐन वेळी आपले सापडत नाहीत. ते म्हणाले, “क्लेमेंटीन, आपण परत जाऊ. आपण दोघंच. पुढच्या महिन्यात. थेट वर, चहाच्या मळ्यात. वाटेत कुठे उतरायचंही नाही. जाऊ या?”

तिने नळ बंद केला. पदराला हात पुसले आणि त्यांच्याकडे वळून अगदी सरळ पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली.

तिने विसळलेले कप पालथे घातले. ती बाहेर गेली, देवळात जायची वेळ झाली होती. खिडकीतून ती फाटकापाशी दिसली. डाव्या खांबासमोर क्षणभर थांबून तिने केस नीट केले, आणि मग ती रस्त्याला लागली. सरांच्या हातातला चहा निवून गेला होता. त्यांनी तो तसाच संपवला.